एकवीस पहाटांची वही

प्रिय बारकी,

तुझं पार्सल गेल्या महिन्याच्या सहा तारखेला पोचलं. आत निघालं ते असं: रबरी चटई एक, हिरवी. भुसा भरलेली बसायची उशी एक. पातळ शाल एक. बत्तीस पानांची पुस्तिका एक, आणि तिच्यात घडी घालून ठेवलेली तुझी चिठ्ठी. चटईवरची किमतीची चिकटी तू नखाने खरवडली होतीस, पण तेही काम अर्धंच केलं होतंस. नऊशे पन्नास. टायरच्या दुकानासारखा वास मारणाऱ्या वस्तूला नऊशे पन्नास! वर पार्सलला तिकिटं कमी लावलेली. पोस्टमनने चौतीस रुपये दंड हातावर पडल्याशिवाय पार्सल उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. म्हणजे भेट तुझी आणि दंड माझा. मला नवल वाटलं नाही. आपल्या दोघींचं पहिल्यापासून हे असंच चाललंय.

चिठ्ठी वाचली. सहाच ओळी, पण अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. ताई, पहाटे साडेचारला उठून एकवीस दिवस हे कर, तुझा रक्तदाब उतरेल, राग निवेल. आईच्या शेवटच्या दिवसांत मी आले नाही याची अकरा वर्षं टोचणी आहे, मला माफ करशील का? करणार असलीस तर आठ दिवस तुझ्याकडे राहायला येते. हो की नाही, एवढंच कळव. तुझा फोन मी उचलत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून ही टपालाची वाट धरलीस. आणि रक्तदाबाचं तुला कुणी सांगितलं तेही मी ओळखलंय. आमचे हे तेहेतीस वर्षं लोकांच्या दारात उभे राहून विजेचे मीटर वाचत होते, आता घरी बसून माझा आकडा वाचतात आणि बाहेर जाऊन तुला कळवतात. मी विचारलं तर म्हणाले, अगं, मेव्हणी आहे माझी, बोललो तर काय बिघडलं? म्हटलं, काही बिघडलं नाही, दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्यांचं कधी बिघडत नसतं.

खरं सांगते, त्याच दिवशी कार्ड काढून त्यावर ‘नाही’ एवढंच लिहिणार होते. पार्सल परत धाडायचं तर पुन्हा खर्च, आणि पदरात पडलं ते पवित्र झालं म्हणायची मला सवय. पण त्या पहिल्या ओळीने माझं डोकं फिरलं. साडेचारला ऊठ म्हणे! कुणाला सांगतेस? लग्न झाल्या दिवसापासून, एक्केचाळीस वर्षं, मी साडेचारलाच उठते. त्याआधी आईच्या घरी कोण उठत होतं? मी अकरा वर्षांची, तू तीनची. मी अंधारात चूल पेटवायची, पाणी भरायची, आणि भांड्याला भांडं लागलं की आई माझ्यावर डोळे वटारायची. मग तुझ्या कानावर पांघरूण ओढायची, बारकीची झोप मोडेल म्हणून. मी मॅट्रिकला एकसष्ट टक्के मिळवले आणि घरी बसले. तू कॉलेजात गेलीस, बँकेत लागलीस, मग एक दिवस तीही नोकरी सोडून लोकांना श्वास कसा घ्यावा ते शिकवायला लागलीस. आमचं लवकर उठणं हे घरकाम, आणि तुझं लवकर उठणं ही साधना. त्याचे वर्ग भरतात, शिबिरं होतात, पुस्तिकेवर फोटो येतो. त्रेपन्न वर्षांच्या बाईने मानेमागे पाय नेऊन हसत फोटो काढावा! मी ती पुस्तिका पालथी घालूनच ठेवते.

आणि देवाचं म्हणशील तर मी रोज अंघोळ झाली की त्याच्यापुढे दिवा लावून जप करते. त्याने आजवर माझ्याकडे रबरी चटई मागितली नाही.

तरीही मी सुरुवात केली. का, ते ऐक. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तू छापलंयस की एकवीस दिवस एकही न चुकवता करा, आणि फरक पडला नाही तर मला खुशाल लिहा. म्हटलं, लिहितेच. एकवीसचे एकवीस दिवस करीन, एक पहाट सोडणार नाही, आणि मग सांगीन की तुझ्या थोतांडाने काडीचा फरक पडला नाही, माझा राग होता तिथेच आहे, आणि तू येऊ नकोस. तुझं उत्तर एवढे दिवस अडकवून ठेवलं ते यासाठी. आळस नव्हता, पुरावा गोळा करत होते.

आमच्या पुढच्या खोलीत कपाट आणि जेवायचं टेबल यांच्यामध्ये मोकळी जमीन साडेपाच फूट. चटई सहा फूट. त्यामुळे आडवं पडायच्या आसनांना एकतर डोकं टेबलाखाली किंवा पाय दारात. मी डोकं आत घेतलं. गुडघे वाळक्या काटक्यांसारखे वाजतात. पायाचे अंगठे धरा असं लिहिलंयस, ते माझे मला दिसले हेच पुष्कळ. तिसऱ्या दिवशी शवासनात पडले होते तर हे पाणी प्यायला उठले. टेबलाखालून बाहेर आलेले माझे पाय बघून दारातच थांबले आणि हळूच म्हणाले, काय गं, आहेस ना? म्हटलं, आहे, आणि तुम्हाला पोचवल्याशिवाय जात नाही. तर म्हणे, मग ठीक, चहाचं मी बघतो. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाने चहा केला. साखर दुप्पट घातली ते सोड. वरच्या मजल्यावर एक शिंपीण राहते, पाच वाजता तिचं मशीन सुरू होतं आणि आमचं छत थडथडायला लागतं. ती पाचव्या दिवशी जिन्यात गाठून विचारते, ताई, तुमच्याकडे कुणाला दम्याचा त्रास आहे का हो, पहाटे फार धापा टाकल्याचं ऐकू येतं. तिला काय सांगू? म्हटलं, धाकट्या बहिणीने पाठवलाय.

पण खरी कटकट पुढे होती. आसनं झाली की वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि श्वासाकडे बघायचं. विचार आला तर त्याच्याशी भांडू नका, त्याला जाऊ द्या, असं तू लिहितेस. अगं, जाऊ द्या म्हणजे काय? या घरातून काडीपेटी गेली तरी कधी गेली, कुठे गेली, याची नोंद होते. मी शंभर पानी वही आणि पेन्सिल उशीजवळ ठेवली. विचार आला की डोळे उघडायचे, एका शब्दात तो लिहायचा आणि मगच त्याला जाऊ द्यायचं. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत त्रेचाळीस वेळा डोळे उघडले. दूध चार वेळा. गॅस सहा. शिंपिणीचं मशीन पाच. कपाटाची किल्ली. यांचा खोकला. नळाचा वायसर. तू पाठवलेली उशी टोचते, हे सात वेळा. यांनी ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, ध्यान करतेस की दुकानात माल मोजतेस? डोळे मिटून बसायचं म्हणून सांगितलंय आणि तू बसलीस पेन्सिल पाजळत! मी म्हटलं, मला माझ्या पद्धतीने करू द्या. ज्याचा हिशेब नाही ते काम झालं असं मी धरत नाही.

आता गंमत अशी, गंमत म्हणजे मला ती मुळीच गंमत वाटली नाही, की आठ दिवसांनी दूध गेलं. मग गॅस गेला. वायसर बदलून घेतला, तो गेला. दिवसाला त्रेचाळीसचे तीस झाले, तिसाचे अठरा. मला वाटलं, आता पान कोरं होत जाणार आणि नाइलाजाने तुझं खरं मानावं लागणार. तसं झालं नाही. या सगळ्या पसाऱ्याखाली एक शब्द होता, तो पसारा हटला तसा वर यायला लागला. दहाव्या दिवशी दोनदा. बाराव्या दिवशी पाचदा. पंधराव्या दिवशी एकूण बारा नोंदी, त्यातल्या नऊ त्याच. फोन. फोन. फोन. मी लिहीत होते आणि जाऊ देत होते, आणि तो जिना उतरून गेल्यासारखा करायचा आणि पुन्हा दारात उभा.

यांना आकडे वाचायची खोड. सोळाव्या दिवशी माझं पाणी तापेपर्यंत वही चाळली. चष्मा कपाळावर ढकलून मला विचारतात, कुणाचा फोन यायचाय गं? मी म्हटलं, कुणाचा नाही. तर म्हणाले, मग आलेला असणार. आणि पेपर वाचत बसले. मला अस्सा राग आला बारके, तुझा, यांचा, त्या हिरव्या चटईचा! सतराव्या दिवशी मी उठणारच नव्हते. पण सोळा झाले होते, आणि सोळा करून सोडायचं म्हणजे तू म्हणणार, बघा, ताईला जमलं नाही. उठले.

आईचा शेवटचा महिना तुला ठाऊक नाही. तुला वाटतं ठाऊक आहे, कारण तू पत्रांतून विचारत होतीस आणि मी उत्तरं देत होते. ती चार वर्षं माझ्याकडे होती. तीन वर्षं अकरा महिने ती मला ओळखत होती, माझ्या हातचं खात होती आणि माझ्या हाताला चव नाही म्हणत होती. शेवटच्या महिन्यात तिची ओळख गेली. म्हणजे माझी गेली. मी तिला पुसून काढत असायची, कूस बदलत असायची, आणि ती माझ्या मनगटाला धरून म्हणायची, बारके, आलीस? बारके, थकलीस गं. बारके, तुझी ताई कुठे उलथलीय, एवढ्याशा पोरीला काम करायला लावते! पहिले दोन दिवस मी सांगत होते, आई, मी ताई आहे. मग सोडून दिलं. तिने तुझ्या नावाने हाक मारायची आणि मी ओ द्यायची, असे तीन आठवडे मी काढलेत. माझ्या घरात, माझ्या पलंगावर, माझ्या हातांना तुझं नाव. त्याआधी पन्नास वर्षांत तिने मला थकलीस का म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं ते तुला.

आणि तू दोन गावं पलीकडे शिबिर घेत होतीस. शंभर माणसं डोळे मिटून बसली होती आणि तू त्यांच्यातून अनवाणी फिरत त्यांना सांगत होतीस की सोडून द्या, धरून ठेवू नका. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! मी ते सगळ्यांना सांगितलं. मामाला, मावशीला, शेजारच्यांना, भेटायला आलेल्या प्रत्येकाला. आई इकडे शेवटचे श्वास घेत होती आणि धाकटी तिकडे लोकांना श्वास शिकवत होती, हे वाक्य माझंच. ते इतकं चाललं की मावशीने मलाच येऊन परत ऐकवलं. आई गेल्याचा निरोप पोचून तू तिसऱ्या दिवशी आलीस, दारात बॅग घेऊन उभी राहिलीस, तेव्हा मी तेच बोलत होते. तू ऐकलंस. मला वाटलं, आता ही तोंड उघडेल. म्हणेल, ताई, मी विचारलं होतं. तू मान खाली घातलीस आणि बॅग भिंतीशी टेकवलीस. त्या दिवसापासून तुझा चेहरा मला बघवत नाही. इतकी वर्षं लोकांना वाटतं की तू आली नाहीस म्हणून मी तुझ्याशी बोलत नाही. तुलाही तेच वाटतं.

काल एकविसावा दिवस होता. साडेचारला उठले, चटई घातली, जे वाकायचं ते वाकले आणि बसले. नोंद एकच झाली. कुठली ते तुला आता कळलंच असेल. पण या वेळी लिहून जाऊ दिली नाही, डोळे मिटून शेवटपर्यंत बघितली. ती अशी. सकाळी डॉक्टर येऊन गेले होते. जिन्यात थांबून मला म्हणाले होते, फार तर दोन दिवस, ज्यांना बोलवायचं त्यांना आजच बोलवा. मी हो म्हटलं. दुपारी तुझा फोन आला. तू विचारलंस, ताई, मला आज चैन पडत नाहीये, मी निघू का? आतून आई हाका मारत होती, बारके, बारके, आणि तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी पायाने दार लोटून घेतलं. आणि म्हटलं, आई झोपलीय. उतार पडलाय. डॉक्टर म्हणाले काळजी नाही. शिबिर टाकून येऊ नकोस, एवढ्या लोकांनी पैसे भरलेत. तू दोनदा विचारलंस. मी दोनदा नको म्हटलं. तुझी अशी समजूत आहे की तेव्हा मलाही माहीत नव्हतं, डॉक्टर चुकले, आणि तू हट्टाने निघायला हवं होतंस. मला माहीत होतं, बारके. त्याच सकाळी कळलं होतं. मला एवढंच हवं होतं की तू आली नाहीस तर दोन दिवसांत कधीतरी आई इकडेतिकडे बघेल, तू दिसणार नाहीस, आणि मग तिला मी दिसेन. एकदा ताई म्हणेल. एकदाच. ती म्हणाली नाही. जाताना माझा हात धरला होता तिने, पण हाक मारली ती तुलाच.

हे देवापुढे कितीदा सांगितलं असेन. तो ऐकून घेतो, उलट विचारत नाही, म्हणून त्याला सांगणं सोपं. यांनाही आजपर्यंत सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. म्हणाले, मला नको सांगू, ज्याचं त्याला सांग. म्हणून हे पत्र. मी तुझी माफी मागायला बसलेली नाही. मला ती मागता येत नाही आणि तू लगेच देऊन मोकळी होशील, याचंच मला भय आहे. तुझ्या पुस्तिकेत राग निवतो म्हटलंय, तो निवलेला नाही. तुझ्यावर आहेच, आईवर आहे, आणि आता त्यातला माझा वाटा मला दिसला, एवढाच फरक. तू चिठ्ठीत माझ्याकडे हो किंवा नाही मागितलंस, पण तो शब्द द्यायचा अधिकार माझा नव्हताच, तुझा होता, तो मी अकरा वर्षं दाबून बसले होते. आता हे सगळं वाचून तुला यावंसं वाटतं का ते तूच बघ. आलीस तर मी दार उघडीन. भांडू, हेही आधीच सांगून ठेवते. नाही आलीस तर तुला बोल लावणार नाही, आणि मामा-मावशीला खरं काय ते मी माझ्या हाताने लिहीन, तू ये किंवा न ये. मात्र मला ताटकळत ठेवू नकोस. एका ओळीचं का होईना, हो की नाही ते उलट टपालाने कळव.

तुझीच, आवडो न आवडो,
ताई